उलट्या आट्यांची करवत

करवत टेम्पोतून उतरायच्या आधीच केरबा तात्यांनी विचारलं, "सर, नुस्ता रस, का आलं-लिंबू बी घालणार?"

केरबा तात्या आमचे डाव्या हाताचे शेजारी. एसटीत चौतीस वर्षं कंडक्टर होते, त्यातली निम्मी चंदगडच्या गाडीवर. त्यामुळे कुठलाही प्रश्न ते शेवटच्या सीटपर्यंत पोचेल अशाच आवाजात विचारतात. प्रोफेसरांनी निवृत्त होऊन रसवंती काढली, ही बातमी चहा उकळायच्या आत कॉलनीच्या टोकापर्यंत गेली.

त्यांचीही चूक नव्हती. बिडाची दोन भली मोठी चाकं, एकावर एक. त्यांना धरून ठेवणारा पुरुषभर उंचीचा वाकडा खांब. आणि मधे एक टेबल. चाकांवरून दातेरी पात्याचं वेटोळं फिरतं आणि टेबलावर सरकवलेलं लाकूड कापतं. पण तेव्हा पातं नव्हतंच, चाकं गंजून लाल झालेली होती, आणि कोल्हापुरात दोन चाकांमधून एकच गोष्ट निघते असा सगळ्यांचा अनुभव आहे.

उद्यमनगरातलं एक जुनं पॅटर्नचं दुकान बंद झालं, तिथून मी ही करवत उचलली. फौंड्रीत एखादी वस्तू ओतायची तर आधी तिचा लाकडी नमुना करावा लागतो, तो पॅटर्न. करवतीच्या खांबावर १९५३ असे ठसठशीत आकडे ओतलेले होते. मी तीस वर्षं इतिहास शिकवला. साल दिसलं की माझा विवेक सुटतो.

"ठेवणार कुठं?" माझी पत्नी पूर्णिमा हिने विचारलं होतं. ती प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका आहे आणि प्रश्न क्रमाने विचारते.

"पोर्चमध्ये."

"आणि गाडी?"

"गाडी बाहेर."

"आणि तुम्ही?"

या प्रश्नाकडे मी दुर्लक्ष केलं. करवत दुरुस्त करायची, चकाचक करायची, चालवायची, एवढाच माझा साधा बेत होता. मी फाटक मोजलं होतं. करवतही मोजली होती. करवत उचलणारी हायड्रा क्रेनही मोजावी लागते, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. फाटकाचा उजवा खांब शांतपणे आडवा झाला. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "पावणं, खांब कच्चाच हुता," आणि पुढचं काम त्याने अगदी नीट केलं, कारण आता वाट रुंद झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या हाताच्या शेजारीण बायडाबाई डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन आल्या. "भाकरीला हाय, बारीक दळा," म्हणाल्या. ही गिरणी नाही, करवत आहे, असं मी समजावून सांगितलं. त्यांनी करवतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मग आदी सांगायचं न्हाय व्हय," म्हणून डबा उचलून गेल्या. पुढे आठ दिवस त्या मला रस्त्यात भेटल्या की डबा फुकट उचलावा लागल्यासारखा चेहरा करत.

गंज काढण्याविषयी कॉलनीत एकमत नव्हतं, पण मत नसलेला माणूसही नव्हता. डिझेल, ताक, राख, लिंबू, गाडीच्या बॅटरीचं पाणी अशा सूचना आल्या. मी चिंच निवडली, कारण चिंच घरात होती. पूर्णिमाच्या माहेरचं तांब्याचं घंगाळही घरात होतं. लहान भाग मी घंगाळात चिंचेच्या कोळात घातले. तिसऱ्या दिवशी गंज निघाला होता. घंगाळ मात्र आतून आरशासारखं लखलखीत आणि बाहेरून तपकिरी, असं दोन घराण्यांचं दिसत होतं. पूर्णिमाने ते घंगाळ दिवाणखान्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी ठेवलं. आलेला प्रत्येक जण विचारायचा आणि मला प्रत्येक वेळी सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं.

खरा अडसर वरच्या चाकाच्या नटाचा होता. चाक काढल्याशिवाय आतलं बेअरिंग बदलता येत नव्हतं, आणि नट सुटल्याशिवाय चाक निघत नव्हतं. मी दोन फुटी पाना लावला. नट हलला नाही. पान्याच्या दांड्यात पाइप घातला. पाइप वाकला. केरबा तात्या म्हणाले, "चंदगडच्या घाटात आमच्या गाडीचं चाक असंच अडकलंतं. सगळ्या पॅसेंजरास्नी उतरवून लावलं कामाला." इथे पॅसेंजर नव्हते, पण तालीम होती. कोपऱ्यावरच्या तालमीतला सम्राट दोन पैलवान घेऊन आला. तिघे अंगाला लागलेल्या मातीसकट आले आणि सहा फुटी पाइपाला लोंबकळले. खांब कुरकुरला. नट ढिम्म.

असे अकरा दिवस गेले. रोज सकाळी कुणी ना कुणी जोर लावून जायचं. काही जण तर फिरायला जाताना वाटेत नटाला एक हिसका देऊन पुढे जात. माझं पोर्च म्हणजे खुली व्यायामशाळा झाली होती.

बेअरिंग शोधायला उद्यमनगरात गेलो, तर दुकानदार म्हणाला, "रामलिंग अण्णास्नी विचारा. त्या दुकानात त्यांची हयात गेली." अण्णांचा पत्ता मिळाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ, मूळचे गडहिंग्लजकडचे, घरात कानडी बोलणारे. गुडघे गेलेले, म्हणून हातात काठी. मी करवतीचं नाव काढताच चपला घालून उभेच राहिले.

पोर्चमध्ये येऊन ते खुर्चीवर बसले. तेव्हा सम्राट आणि पैलवान पाइपाला लोंबकळत होते. अण्णांनी एक चहा घेतला. शांतपणे पाहिलं. दुसरा चहा मागून घेतला. मग विचारलं, "किती दिस झालं?"

"अकरा," मी म्हणालो.

"ह्यातलं सोडतंय कोण, आणि आवळतंय कोण?"

"सगळे सोडतायत की, अण्णा."

"न्हाय. सगळी आवळाय लागल्यात." त्यांनी काठीचं टोक नटाला लावलं. "ह्या नटाचं आटं उलटं हायती, सर. चाक फिरताना नट सुटू ने, म्हणून तसं केलंय. सगळं जग ज्या बाजूला सोडतंय, त्या बाजूला ह्यो आवळतोय."

पैलवान हळूच खाली उतरले. सम्राटने पाइप भिंतीला टेकवून ठेवला आणि बुटाची नाडी बांधायला लागला, हे लक्षात राहण्याचं कारण त्याच्या पायात चप्पल होती. अकरा दिवस अख्ख्या कॉलनीने जीव तोडून तो नट घट्ट केला होता. पैलवानांनी आवळलेला तो नट उलट्या बाजूने सुटायला आणखी चार दिवस लागले.

त्या दिवसापासून अण्णा रोज दहाला येऊ लागले. खुर्चीवर बसून काठीने दाखवायचे आणि मी करायचो. या करवतीवर त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. पंपाची, गिअरची, उसाच्या चरकाची, हजारो वस्तूंची लाकडी रूपं तिच्यावर कापली होती. "हिचा आवाज बरोबर आला की कळतंय," ते म्हणायचे. "कसा येतो?" विचारलं तर म्हणायचे, "आल्यावर सांगतो." आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणीतरी "सर" म्हणत होतं आणि त्याच वाक्यात "पान्याला हातुडीवानी धरू नका" असंही म्हणत होतं. दीड महिन्यात चाकं फिरू लागली, रंग लागला, नवं पातं आलं.

मग विजेचा प्रश्न निघाला. करवतीला थ्री फेज लागते, आणि घरात सिंगल. मी वीज कार्यालयात गेलो. अर्जात वापराचा उद्देश लिहायचा होता: घरगुती, शेती, व्यापारी, औद्योगिक. मी खिडकीतल्या गृहस्थांना म्हणालो, "हौस."

त्यांनी अर्ज उलटा करून मागची बाजू पाहिली, तिथे असेल म्हणून. "हौस कशात बसवू, सर? घरगुतीत बसवली तर थ्री फेजला कारण लागतंय. औद्योगिकात बसवली तर तुम्हाला कारखाना काढायला लागतोय."

"शेतीत?"

"लाकडाची शेती हाय काय तुमची?"

मी अर्ज घडी करून परत आणला. तेव्हा केरबा तात्या उपयोगी पडले. त्यांच्या मेव्हण्याची पेठ वडगावला कडबाकुट्टी होती. तिची सिंगल फेज मोटर पडून होती. ती त्यांनी स्वतः एसटीत मांडीवर घेऊन आणली. अण्णांनी मोटर पाहिली आणि मान हलवली. "ही लई जोरात फिरती. पुली बदलाय पायजे. आणि मशीन जमिनीला बोल्टानं बांधल्याबिगर चालू करायचं न्हाय."

"हे सगळं कधी होईल?"

"आट-धा दिस."

पण मी रविवारचा मुहूर्त सगळ्यांना सांगून बसलो होतो. पूर्णिमाच्या शाळेतल्या शिक्षिका येणार होत्या. पेढे आणले होते. आठशे किलोची वस्तू आपल्या जागेवरून कुठे जाणार आहे, असा मी विचार केला. अण्णा म्हणाले, "आज नको, सर." मी म्हणालो, "एकदाच, दोन मिनिटं." माझ्या आवाजात तेव्हा थोडा प्राध्यापक आला होता, हे मला कबूल केलं पाहिजे.

नारळ फोडला. बटण दाबलं. करवत आधी गुरगुरली, मग थरथरली, आणि मग चालू लागली. चालू लागली म्हणजे चालायला लागली. फरशीवरून तुरुतुरु फाटकाच्या दिशेने निघाली, जिथे उजवा खांब आता नव्हताच. शिक्षिका पेढे हातात घेऊन पायरी-पायरीने घरात सरकल्या. मी टेबल धरून मागे ओढू लागलो, आणि करवत मला घेऊन पुढे जाऊ लागली. तेवढ्यात पातं चाकावरून निसटलं, हवेत उलगडलं आणि कुंपणावरून बायडाबाईंच्या अंगणात जाऊन पडलं. अण्णांनी खुर्चीत बसल्या बसल्या काठी लांब करून भिंतीवरचं मेन स्विच खाली पाडलं.

माणसांना काही झालं नाही. दोरीवर वाळत घातलेला बायडाबाईंच्या मालकांचा सदरा मात्र बरोबर मधोमध कापला गेला होता. अण्णा मला रागावतील असं वाटलं. ते कुंपणापाशी गेले, सदऱ्याची कड बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "पात्याला धार बरी हाय." मग माझ्याकडे न बघता घरी गेले. रागावले असते तर सोसलं असतं. त्या दिवशी मी जेवलो नाही, आणि जेवलो नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण पूर्णिमा बायडाबाईंची समजूत काढायला गेली होती.

सम्राटने या सगळ्याचा व्हिडिओ काढला होता. "प्रोफेसरांची करवत निघाली फिरायला" या नावाने तो संध्याकाळपर्यंत माझ्या वर्गमित्रांनी मलाच चार वेळा पाठवला. तिसऱ्या दिवशी वनखात्याची जीप दारात उभी राहिली.

वनपाल म्हणून आलेली तरुणी अत्यंत नम्र होती. "सर, ओळखलंत?"

"न ओळखायला काय झालं," मी म्हणालो. सगळेच प्राध्यापक असं म्हणतात.

"प्रियदर्शनी. तुम्ही मला इतिहासात एकोणचाळीस दिले होते. मी फेरतपासणीचा अर्ज केला होता, तेव्हा बेचाळीस झाले." तिने कागद काढले. "सर, लाकूड कापायच्या अशा करवतीला परवाना लागतो. नसेल तर यंत्र सील करावं लागतं. मला वाईट वाटतंय."

तिला वाईट वाटत होतं हे खरं होतं, आणि तीन गुणांचं समाधानही वाटत असावं. पंच म्हणून केरबा तात्या आणि बायडाबाईंना बोलावलं. पंचनाम्यात एक रकाना होता, "यंत्रावर कापलेला माल". तिच्याबरोबरच्या वनरक्षकाने विचारलं, "काय लिहू?" मी म्हणालो, "काहीच कापलेलं नाही." बायडाबाई म्हणाल्या, "खोटं कशाला सांगताय?" शेवटी पंचनाम्यात लिहिलं गेलं: लाकूड निरंक, सदरा, नग एक.

चाकाभोवती सुतळी बांधली, तिच्यावर लाखेचा ठसा मारला आणि जीप गेली. परवाना रहिवासी भागात मिळणार नव्हता. तीन महिन्यांत करवत हलवायची नाहीतर तोडून भंगारात द्यायची, असं कागदावर होतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता अण्णा आले. मी त्यांना सील दाखवलं आणि रविवारबद्दल माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हातानेच थांबवलं आणि खुर्चीत बसले. त्यानंतरही ते रोज येत राहिले. काम काहीच नव्हतं. करवतीशेजारी बसून पेपर वाचायचे, चहा घ्यायचे, बारा वाजता उठायचे. एकदा खिडकीतून मी पाहिलं, ते सुतळीला धक्का न लावता खालच्या चाकावरची धूळ रुमालाने पुसत होते.

पूर्णिमाही पाहत होती. "आता तुमची हौस राहू द्या बाजूला," ती म्हणाली. "ही करवत भंगारात गेली तर ते कुठं बसणार?"

मी दुसऱ्याच दिवशी प्रियदर्शनीच्या कार्यालयात गेलो. बाहेरच्या बाकावर दीड तास बसलो. आत गेल्यावर मी मुद्दे काढून ठेवले होते ते सगळे विसरलो आणि अण्णांचंच सांगत बसलो. तिने ऐकून घेतलं. मग एक फाईल काढली. "सर, गारगोटीला एका ट्रस्टच्या शाळेत सुतारकामाचा वर्ग आहे. त्यांनी परवाना घेऊन ठेवलाय, पण त्यांच्याकडे करवत नाही. तुमच्याकडे करवत आहे, परवाना नाही. तुम्ही ती त्यांना देऊन टाकली तर मी सील काढून वाहतुकीचा कागद देते."

"देऊन टाकली तर," मी म्हणालो. असली तीन शब्दांची वाक्यं उच्चारायला फार सोपी असतात. मी होकार दिला. उठताना ती म्हणाली, "उत्तर चांगलं लिहिलंत, सर." किती गुण, ते मी विचारलं नाही.

करवत गेली. या वेळी अण्णांच्या सांगण्याप्रमाणे पुली बदलली, काँक्रीटमध्ये बोल्ट गाडले, आणि बोल्ट गाडल्यावर अण्णांनी काँक्रीट आठ दिवस वाळू दिलं. ट्रस्टकडे थ्री फेज होती. चाक फिरू लागलं तेव्हा आवाज आला, एकसारखा, घरघर नसलेला, लांबून पाऊस यावा तसा. मी अण्णांकडे पाहिलं. ते डोळे मिटून ऐकत होते. "आला," एवढंच म्हणाले.

ट्रस्टकडे शिकवायला माणूस नव्हता. तिथल्या मुख्याध्यापकांनी रजिस्टर उघडलं आणि अण्णांना विचारलं, "शिक्षण?"

"चवथी. कानडी शाळा."

मुख्याध्यापकांचं पेन थांबलं. "निदेशकाच्या जागेसाठी किमान पदवी लागते." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सर, आपण?"

"पीएच.डी.," मी म्हणालो, आणि म्हटल्याबरोबर पस्तावलो. "पण ती मराठेकालीन टांकसाळींवर आहे."

"विषयाची अट नाही," ते म्हणाले.

अशा रीतीने मी सुतारकामाचा मानद निदेशक झालो आणि रामलिंग अण्णा माझे मदतनीस. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेरच बघत बसलो. अण्णाच म्हणाले, "कागदावर असू दे की, सर. लाकडाला काय वाचाय येतंय?"

तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार आम्ही गारगोटीला जातो. कुठल्या गाडीत कुठली सीट कमी आदळते हे सांगायला केरबा तात्या अधूनमधून बरोबर येतात. वर्गात अण्णा खुर्चीत बसतात आणि विद्यार्थी त्यांच्याभोवती उभे राहतात. निदेशकही त्यांच्यातच उभा राहतो, जरा मागे, कारण त्याला चष्म्याने लांबचं चांगलं दिसतं.

मागच्या महिन्यात वरून तपासणीसाठी एक गृहस्थ आले. पिशवी, चष्मा, तपासणीचा तक्ता. "निदेशक कोण?" मी हात वर केला. "एक सरळ काप घेऊन दाखवा."

मी फळी घेतली, पेन्सिलीने रेघ मारली, करवत चालू केली. पहिली चार बोटं काप रेघेवरून गेला. मग माझ्या मनात आलं की किती छान जातोय, आणि तिथून तो रेघ सोडून निघाला. तो थेट फळीच्या कडेबाहेर पडला.

गृहस्थांनी फळी उचलून पाहिली. मग अण्णांना म्हणाले, "मदतनीस, तुम्ही घ्या बघू."

अण्णा काठी टेकत उठले. काठी मला धरायला दिली. दोन्ही तळवे फळीवर ठेवून त्यांनी ती पुढे सरकवली, रेघ न मारताच. दोन तुकडे टेबलावर पडले. गृहस्थांनी पट्टी लावून पाहिली, मग पट्टी उलटी करून लावली, मग पट्टीच सरळ आहे का ते बघितलं.

ते गेल्यावर मुख्याध्यापकांनी शेराबुक आमच्यापुढे ठेवलं. अण्णांना मराठी अक्षरं सावकाश लागतात. "काय लिवलंय?" त्यांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. "मदतनीस अत्यंत कुशल. निदेशकास प्रशिक्षणाची नितांत आवश्यकता."

अण्णांनी ते वाक्य मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. पुन्हा वाचून झाल्यावर म्हणाले, "बरोबर लिवलंय." मग माझ्या हातातून आपली काठी घेतली आणि कोपऱ्यातल्या फळ्यांच्या थप्पीकडे रोखली. "गाडीला अजून तास हाय. आणा आणखी एक."